मुकादमांची भिंत

उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं होतं, आणि भाऊ जेवणाच्या टेबलावर हाताला लागेल ते मांडून खाणीच्या तोंडाशी काय कुठे असणार ते सगळ्यांना दाखवत होते. वाटी म्हणजे व्यासपीठ. ताटली म्हणजे गाड्या लावायची जागा. मिठाचं भांडं म्हणजे भिंत, तिच्या शेजारी पितळी पाटी, आणि पाटीवर आबांचं नाव.

अण्णा थोरले, भाऊ धाकटे, मधली ताई. तिघांचेही केस पिकले होते, पण रविवारी एकत्र जेवायला बसले की भाऊ अजून शेंडेफळच असत. त्यांनी बोलायचं, अण्णांनी हूं म्हणायचं आणि ताईने मधेच चिमटा काढायचा, हे आबा होते तेव्हापासून चालत आलेलं. आजही ताईने विचारलं, की भिंतीतलं थोडं मीठ घेतलं तर चालेल का, की उद्घाटन होईपर्यंत सगळ्यांनी अळणीच जेवायचं? भाऊसुद्धा हसले, पण भांडं काही त्यांनी हलवू दिलं नाही.

भाऊंचा उत्साह उगीच नव्हता. आधी खाणी बंद झाल्या, मग भट्ट्या विझल्या, शेवटी पत्र्याचा कारखानाही दुसरीकडे गेला. गावाकडे दाखवण्यासारखं उरलं होतं ते जुनंच. नगरपालिकेत खेटे घालून, मंत्र्यांच्या दारात बसून भाऊंनी खाणीचं संग्रहालय मंजूर करून आणलं होतं, आणि त्याच्या मधोमध होती ती भिंत.

ती भिंत गावात कुणाला समजावून सांगावी लागत नसे. अण्णा शाळेत होते तेव्हा खाणीच्या उतरत्या बोगद्यात आग लागली. आत अकरा माणसं होती. धूर वर आला तेव्हा वर होते ते सगळे बाहेर पळाले आणि खाणीचे मुकादम, म्हणजे आबा, आत गेले. तोंडाला ओलं फडकं बांधून त्यांनी स्वतः विटा रचल्या, बोगदा बंद केला, आगीचा वारा तोडला. आग कोंडून मेली. शेजारच्या खाणी वाचल्या, गाव वाचलं. ती अकरा माणसं मात्र आतच राहिली. भिंत उघडू नका, आत अजून धग असेल, असं आबा मरेपर्यंत बजावत राहिले आणि तो बोगदा कायमचा सोडून देण्यात आला.

आग कशाने लागली तेही गावाला पाठ होतं. दिवेवाल्यामुळे. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला जाळीचा दिवा तपासून, कुलूप घालून द्यायचं काम त्याचं. त्याने एक दिवा फाटक्या जाळीचा दिला आणि अगदी खाली, जिथे कोळसा फोडत होते तिथे, त्या दिव्याने वायू पेटला. चौकशीत आबांनीच तसं सांगितलं होतं. ‘इंजीनखोलीला आगीचा स्पर्शही नव्हता, मी स्वतः तिथे उभा होतो,’ हे त्यांचं वाक्य घरातल्या पोरांना पाढ्यासारखं येई. दिवेवाल्याची नोकरी गेली. पुढे काही वर्षांनी तोही खंगून गेला. त्याच्या घराला नाव पडलं, पेटवे. गावात नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटे.

जेवण उरकत आलं तेव्हा अण्णांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. गावात सगळ्यांत उंच ती भट्टीची चिमणी आणि घरात सगळ्यांत बुटकी ती ही, म्हणून आबांनीच तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. मोठी होऊन ती जुन्या कारखान्यांचं, खाणींचं उत्खनन करणारी झाली. चार देश हिंडून आली आणि शेवटी स्वतःच्या गावाची खाण तिच्या वाट्याला आली. बुटांना ओला चिखल होता. एरवी वहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, तिला बूट घेऊन बाहेर पिटाळलं असतं. पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी बुटांकडे काणाडोळा केला.

"अण्णा, जरा माझ्याबरोबर येता?" ती म्हणाली. भाऊही हात धुवायला उठू लागले तसं तिने घाईने सांगितलं, की एकट्या अण्णांनी आलं तरी पुरे.

बंद कारखान्याच्या भिंतीशेजारून, गवताने झाकलेल्या राखेच्या डोंगराच्या कडेने, कामगारांच्या एकसारख्या घरांच्या रांगांमधून गाडी खाणीच्या तोंडाशी आली. तिथे खुर्च्या लावणं चाललं होतं. पाटीवर कापड टाकलेलं होतं. चिमणीने वडिलांच्या डोक्यावर टोप ठेवला, हनुवटीखालचा पट्टा लहान मुलाचा लावावा तसा लावला आणि पुढे झाली.

भिंत अण्णांनी बाहेरून शंभरदा पाहिली होती. आज तिला उजव्या बाजूला माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं. मागचं छत तपासल्याशिवाय लोकांना भिंतीजवळ येऊ द्यायचं नाही, असा सुरक्षा अधिकाऱ्यांचा हुकूम आला म्हणून विटा काढाव्या लागल्या, असं चिमणी सांगत होती. अण्णा वाकले, गुडघ्याला कळ लागली, आणि ते पलीकडे गेले.

भिंतीला लागूनच इंजीनखोली होती. कोळशाने भरलेले डबे उतारावरून दोराने वर ओढायचे, ते इंजीन इथे बसवलेलं होतं. दोर गुंडाळायचा लोखंडी ढोल अण्णांपेक्षा उंच होता. त्याच्यावरच्या तारांच्या दोराचे वेढे तापून एकमेकांना चिकटले होते. छताचा दगड भाजून विटेसारखा लाल झाला होता, तडकून त्याच्या खपल्या खाली पडल्या होत्या.

"टेकू बघा," चिमणी म्हणाली आणि तिने विजेरी फिरवली. इंजीनाच्या शेजारी छताला लावलेले लाकडी टेकू उरलेच नव्हते, नुसत्या खोबण्या होत्या. थोडं खाली गेल्यावर टेकू होते, पण अर्धे जळलेले, इंजीनाच्या बाजूने कोळसा झालेले आणि पलीकडून शाबूत. त्याच्याही खाली, छत कोसळून वाट बंद झाली होती तिथे, एका टेकूवर झाडाची साल तशीच होती.

आग खालून वर आली असती तर उलटं दिसलं असतं, असं ती सांगू लागली. अण्णांनी हात वर करून तिला थांबवलं. सगळा जन्म त्यांनी फाउंड्रीत काढला होता. लोखंड किती तापलं, कुठून तापलं, किती वेळ तापलं हे ते रंगावरून ओळखत. ढोलाच्या कडेला ब्रेक होता. ब्रेकचे लाकडी ठोकळे जळून गेले होते आणि त्यांचे बोल्ट रिकामे लोंबत होते. तिथलं लोखंड जितकं भाजलं होतं तितकं साऱ्या खोलीत दुसरं काही भाजलं नव्हतं.

आणि मग त्यांना तो वास आठवला. खोलीत नव्हता तो, आठवणीतच आला. आबा कामावरून घरी आले की सदऱ्याला जळक्या लाकडाचा वास यायचा. तुम्ही खाणीत काम करता की बेकरीत, असं आई हसून म्हणायची. ब्रेक धरला की धूर निघतो, ठोकळे बदलायला झालेत, असं आबा जेवताना पुटपुटायचे. आग लागायच्या आधी कित्येक दिवस हे चाललं होतं. अण्णा तेव्हा शेजारच्या ताटावर बसलेले असत. त्यांनी ते ऐकलं होतं. ऐकून कुठेतरी ठेवून दिलं होतं, आणि नंतर एवढी वर्षं तिकडे कधी वळून पाहिलं नव्हतं.

"धुरात आजोबांना दिसलं नसेल," चिमणी हलक्या आवाजात म्हणाली. "मी तसं लिहू शकते. एक शक्यता म्हणून."

मुलीने टाकलेली दोरी होती ती. अण्णांनी जवळजवळ पकडलीही. पण त्यांची नजर भिंतीकडे गेली. बाहेरच्या बाजूने उभं राहून विटा रचणाऱ्याचं तोंड इकडेच असणार, ह्या खोलीकडेच. शेवटची वीट बसेपर्यंत आबा हेच बघत होते.

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग उद्याचा दिवस जाऊ दे."

तिने विजेरी जमिनीकडे वळवली. "आणि परवा?"

"परवाचं परवा बघू."

"बरं," ती म्हणाली.

ती भांडली असती तर अण्णांना सोपं गेलं असतं. पण हे ‘बरं’ त्यांच्या ओळखीचं होतं. आबांसमोर त्यांनी स्वतः जन्मभर तेच म्हटलं होतं, त्याच आवाजात, अशीच नजर खाली घालून. आता ते मुलीच्या तोंडून ऐकताना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर खुर्च्या मांडणाऱ्या माणसांनी त्यांना अदबीने वाट करून दिली, मुकादमांचे थोरले म्हणून. अण्णांना मान वर करवेना.

घरी आल्यावर त्यांनी पाठ दुखते म्हणून आडवं व्हायचं ठरवलं. पण भाऊ उद्याच्या भाषणाचं विचारायला खोलीत आलेच. घरातला थोरला म्हणून आबांबद्दल चार शब्द अण्णांनी बोलायचे होते. अण्णा म्हणाले, मी बोलणार नाही. भाऊंनी कारण विचारलं, पुन्हा विचारलं, आणि मग अण्णांच्याने राहवलं नाही. त्यांनी सांगून टाकलं.

भाऊंनी आधी मानलंच नाही. मग त्यांनी चिमणीला बोलावून उलटतपासणी घेतली. तीही ठाम आहे म्हटल्यावर ते येरझाऱ्या घालू लागले. आबांनी ठोकळे मागितले असतील, कंपनीने दिले नसतील, त्यात आबांचा काय दोष, हे त्यांचं म्हणणं. कंपनीनेच त्यांच्या तोंडी दिव्याची गोष्ट घातली असेल. आणि काहीही झालं तरी भिंत घातली ती आबांनीच ना? गाव वाचलं ना?

"वाचलं," अण्णा म्हणाले.

"मग? दिवेवाला मेला, आबा गेले. ह्या गावात लोकांना दाखवायला एक भिंत राहिलीय, अण्णा. तीही पाडायची का आपणच?"

भाऊ खोटं बोलत नव्हते. संग्रहालयात गावातल्या बऱ्याच पोरांना कामं मिळणार होती. आणि भाऊ बोलत होते ते सगळं अण्णांनी बोगद्यातून घरी येईपर्यंत स्वतःशी बोलून झालं होतं. फक्त धाकट्याच्या तोंडून ऐकताना ते फार ओंगळ वाटत होतं.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट काय सांगितली माहितीय? घड्याळ बिघडलं तर त्या दुकानात टाकायचं नाही." त्या दाराशी कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नव्हतं. "दिवेवाल्याचा मुलगा घड्याळं दुरुस्त करतो, अख्खं गाव त्याच्याकडे जातं, आणि मी आपली घड्याळ पिशवीत घालून बसने दुसऱ्या गावाला जाते. आजवर."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चिमणी उठून आईशेजारी जाऊन उभी राहिली. भाऊंनी आधाराला म्हणून ताईकडे पाहिलं. ताई वहिनींच्या मागेच होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ताई बिनलग्नाची का राहिली हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. घड्याळजी, म्हणजे दिवेवाल्याचा मुलगा, आणि ती एका वर्गातले. तरुणपणी दोघांचं जुळलं होतं. आबांनी मोडलं, असं घर धरून चाललं होतं. निरोप पोचवायला अण्णा गेले होते. दारातच उभं राहून, ‘आमच्याकडून जमणार नाही,’ एवढं सांगून ते परत फिरले होते. ताईने नंतर कुणाशीच लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, निवृत्त झाली, भाऊंच्या वरच्या मजल्यावर राहिली. अण्णांना तिची कायम दया येई. ती दया हा त्यांच्या चांगुलपणाचा एक पुरावा आहे, असं त्यांना आतून वाटायचं.

"म्हणजे दिव्याने लागलीच नव्हती," ताई म्हणाली. तिने पायात चपला घातल्या.

कुठे निघालीस, असं भाऊंनी विचारलं. तोवर ती दाराबाहेर पडली होती. अण्णांनी काठी उचलली आणि तिच्यामागे गेले.

घड्याळजींचं दुकान पुढे आणि घर मागे. सूर्य मावळायला आला होता, फळ्या लावायची तयारी चालली होती. दुकानातली सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत होती, आणि आपल्या घरी हे कधीच घडलं नाही, हा विचार अण्णांच्या मनात अवेळी येऊन गेला. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांची बायको केर काढत होती. दोघांना बघून तिचा झाडू थांबला, पण ‘या’ असं ती म्हणाली नाही.

ताई बोलेल असं अण्णांना वाटलं होतं. पण शेवटी त्यांनीच सांगितलं, उभ्या उभ्या. इंजीनखोली सापडली. आग तिथे लागली. ब्रेकने लागली. दिव्याने नाही.

घड्याळजींनी भिंग काढून रुमालाने पुसलं. "हो," ते म्हणाले. "वडील सांगायचे आम्हाला. एकेक दिवा मी हाताने तपासून दिला होता, म्हणायचे. शेवटी शेवटी तेवढंच बोलायचे."

बस, एवढंच. अण्णांनी वाटेत कितीतरी तयारी केली होती. त्यांना वाटलं होतं की हा माणूस रडेल किंवा अंगावर येईल. ह्या साध्या ‘हो’ला कुठून धरावं ते कळेना. त्यांच्या घराने लपवलेली गोष्ट ह्या घरात रोज जेवणासारखी वाढली गेली होती.

पण बायको पुढे आली. "आमच्या मुलीचं लग्न ठरून मोडलं. ती हे गाव सोडून गेली, ती परत येत नाही. मुलाच्या पोराला इथल्या शाळेत प्रयोगाच्या तासाला काडेपेटी हातात देत नाहीत. मास्तर हसतात. तोही हसतो, काय करणार." तिने अण्णांकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"आज दुपारी."

"मग संध्याकाळ का झाली?"

अण्णांना खोटं बोलता आलं असतं. पाठ दुखत होती, हे खरंही होतं. "मी मुलीला म्हणालो, उद्याचा दिवस जाऊ दे," ते म्हणाले, आणि कानशिलं तापलेली त्यांना स्वतःला जाणवली. म्हाताऱ्या माणसाला अशी लाज वाटू शकते हे ते विसरून गेले होते. लहानपणी वाटायची तशीच होती ती. जागच्या जागी नाहीसं व्हावं अशी.

बाईने मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी.

तेव्हा ताई बोलली, आणि ती घड्याळजींशी नाही, त्यांच्या बायकोशी बोलली. "आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, ह्यांना नकार आबांनी दिला. आबांनी तो ठरवायच्या आधी मीच दिला होता. म्हटलं होतं, त्या अकरा जणांच्या बायका मला रस्त्यात भेटतात. त्यांच्यासमोरून मी तुमच्या घरात कशी येऊ?"

अण्णा बहिणीकडे बघत राहिले.

"मला ते पटलं होतं," घड्याळजी म्हणाले.

"मलाही पटलं होतं," ताई म्हणाली. "त्याचीच लाज वाटते."

बसा कुणी म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. शेवटी बाईने झाडू पुन्हा हातात घेतला.

"इथे येऊन सांगू नका," ती म्हणाली. "ह्या घरात ते कुणाला नवीन नाही. उद्या तिकडे सांगा."

परत येताना बहीणभाऊ शेजारी शेजारी चालले. वाटेत अण्णांनी विचारलं, की हे मला कधी का सांगितलं नाहीस? ताई म्हणाली, "तुला माझी कीव करायला आवडायचं." त्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

अण्णांनी आधी चिमणीला सांगितलं, की माझं दुपारचं बोलणं विसर, जे दिसलं ते लिही. मग ते भाऊंकडे गेले. भाऊंनी ऐकून घेतलं. आदळआपट केली नाही, विनवणीही केली नाही. फार दमल्यासारखे दिसले. "बोल तू," ते म्हणाले. "थोरला आहेस, तुला कोण अडवणार. पण मी तुझ्या शेजारी उभा राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी खुर्च्या भरल्या. पहिल्या दोन रांगा त्या अकरा जणांच्या घरच्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. ही भाऊंचीच सूचना होती. पाहुण्यांची भाषणं झाली. प्रत्येकाने भिंतीचे गोडवे गायले. अण्णांचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्या थांबेपर्यंत उभं राहणं त्यांना सगळ्यांत जड गेलं.

ते फार बोलले नाहीत. आग कुठे लागली ते सांगितलं. आपल्या वडिलांना ते दिसलं होतं आणि त्यांनी चौकशीत खोटं सांगितलं, हे सांगितलं. ब्रेकमधून धूर येतो हे आपण लहानपणी आपल्याच घरी ऐकलं होतं, आणि काल दुपारी आपण स्वतः मुलीला गप्प राहायला सांगितलं, हेही सांगितलं. हे शेवटचं सांगताना आवाज फाटला. मग त्यांनी दिवेवाल्यांचं नाव घेतलं. पूर्ण, खरं नाव. समोरच्या कित्येकांनी ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

घड्याळजी आले नव्हते. त्यांची बायको फाटकाशी उभी होती. सासऱ्यांचं नाव कानावर पडलं तशी ती वळली आणि निघून गेली. पुढचं ऐकायची तिला गरज नव्हती.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी ओरडलंही नाही. मागच्या खुर्च्या करकरल्या, माणसं एकमेकांकडे न बघता उठू लागली. पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. आता आपण खाली उतरावं, असं अण्णांना वाटत असतानाच पहिल्या रांगेतून एक बाई उठली. दवाखान्यातली नर्स होती ती, कामावरून तशीच पांढऱ्या कपड्यांत आलेली. तिचे आजोबा त्या अकरा जणांतले.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "आग वर लागली, आणि आमची माणसं खाली होती. मग भिंत घातली तेव्हा ती जिवंत होती का?"

दिवेवाल्यांबद्दल सांगितलं की ओझं उतरेल, अशी कुठेतरी आशा होती. ह्या प्रश्नापर्यंत ते पोचलेच नव्हते. आबा पोचले असतील का? तोंडाला फडकं बांधून, हातात वीट घेऊन, काही ऐकू आलं असेल का त्यांना?

"मला माहीत नाही," अण्णा म्हणाले.

"तुमच्या वडिलांना माहीत होतं?"

"तेही माहीत नाही."

बाईने चिमणीकडे पाहिलं. चिमणी पुढे आली. खाली छत कोसळलेलं आहे, ती म्हणाली, ते आधाराने उचलून आत जावं लागेल, त्याला परवानग्या लागतील, पुष्कळ वेळ जाईल. आत काय दिसेल ते आज सांगता येणार नाही. पण जे दिसेल ते ती सांगेल, सगळ्यात आधी त्यांना.

"सांगा," नर्स म्हणाली, आणि ती खाली बसली. तिच्या शेजारची माणसंही उठली नाहीत. कशाची वाट बघत होती कुणास ठाऊक. आज तर काही कळणार नव्हतं. पण एवढी वर्षं बाहेर उभं राहून झाल्यावर एवढ्यात घरी जायला त्यांचा पाय निघत नसावा. मागचं मैदान रिकामं झालं आणि त्या दोन रांगा भिंतीकडे तोंड करून तशाच बसून राहिल्या.

खुर्च्यावाल्याची माणसं मागून एकेक खुर्ची मिटत पुढे येऊ लागली. अण्णा व्यासपीठाच्या पायरीशी उभे होते. कुठे जावं ते त्यांना सुचत नव्हतं. तेव्हा इतका वेळ फाटकाशी, व्यासपीठाकडे पाठ करून उभे असलेले भाऊ आले. त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही. खुर्च्यावाल्याला हातानेच थांबवलं.

"राहू देत त्या," ते म्हणाले. "लोक बसलेत अजून."

मिटलेली एक खुर्ची त्यांनी उघडली, अण्णांच्या समोर ठेवली, आणि दुसरी घेऊन ते त्या दोन रांगांच्या पाठीमागे, जरा अंतर ठेवून, मान खाली घालून बसले.